तेल की टॅलो? ब्रॉयलरच्या ट्रायलचे ४२ दिवस

मास्टर्सच्या थीसिससाठी मी ब्रॉयलरच्या खाद्यातल्या फॅटवर ट्रायल घेतली. एका गटाला टॅलो म्हणजे जनावराची चरबी, दुसऱ्याला सोयाबीन तेल, तिसऱ्याला जवसाचं तेल, बाकी सगळं सारखं, आणि ४२ दिवसांनी बघायचं की वाढ कुणाची चांगली झाली आणि पोटात चरबी कुणाच्या जास्त साठली. ज्यांना असं काही करायचंय त्यांच्यासाठी लिहितेय.

पहिली अडचण कागदावरच आली. मी तिन्ही खाद्यांत सरळ ५-५ टक्के फॅट धरून फॉर्म्युला केला आणि मॅडमकडे घेऊन गेले. त्यांनी एकदाच नजर टाकली आणि विचारलं, "तिन्हींची एनर्जी सारखी येतेय का गं?" येत नव्हती. सोयाबीन तेलाच्या एका किलोतून कोंबडीला साधारण ९००० किलोकॅलरी मिळते, टॅलोतून बरीच कमी, कारण त्यातली पामिटिक आणि स्टिअरिक ही सॅच्युरेटेड फॅटी ॲसिडं (फॅट ज्यांपासून बनतं ते घटक) आतड्यात नीट शोषली जात नाहीत, कॅल्शियमबरोबर त्यांचा साबण होतो आणि विष्ठेतून बाहेर जातो. आणि एनर्जी जास्त, प्रोटीन त्या मानाने कमी असं झालं की कोंबडी चरबी साठवणारच, फॅट कुठलंही असू दे, मग शेवटी दिसलेला फरक फॅटच्या प्रकाराचा की नुसत्या एनर्जीचा हे सांगता आलं नसतं. फॉर्म्युला तीनदा बदलला तेव्हा कुठे एनर्जी आणि प्रोटीन तिन्हीकडे जुळलं. माझ्या मते अख्ख्या ट्रायलमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

मग मिक्सिंग. टॅलो गरम करून ओतलं की थंड खाद्याला लागल्या लागल्या थिजतं, पहिल्या बॅचमध्ये लिंबाएवढे गोळे झाले आणि ती बॅच टाकून द्यावी लागली. शेडवरच्या काकांनी दाखवलं, आधी थोड्याशा मक्याच्या भरड्यात हाताने चोळून घ्यायचं, ते एकजीव झालं की मगच बाकीच्या खाद्यात मिसळायचं. जवसाच्या तेलाची तऱ्हा वेगळी, ते हवेने फार लवकर खवट होतं, उघडा राहिलेला एक डबा दोन दिवसांनी हुंगला तर चक्क ऑइलपेंटचा वास. म्हणून ते खाद्य थोडं थोडं बनवलं, तिन्ही खाद्यांत अँटीऑक्सिडंट घातलं आणि व्हिटॅमिन ई वाढवलं.

पहिल्या आठवड्याच्या वजनाला टॅलोचा गट मागे होता. मी घाबरले, ब्रूडरचं, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या हीटरचं, तापमान तपासलं, पाणी तपासलं, सगळं ठीक. मॅडम म्हणाल्या, एवढ्याशा पिल्लाकडे पित्त आणि लायपेज (फॅट पचवणारं एन्झाइम) अजून पुरेसं नसतं, घट्ट फॅट त्याला पचत नाही, थांब जरा. तिसऱ्या आठवड्यापासून अंतर कमी होत गेलं आणि ४२व्या दिवशी तिन्ही गटांची वजनं इतकी जवळजवळ आली की स्टॅटिस्टिक्समध्ये फरक टिकलाच नाही. एफसीआर, म्हणजे एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं तो आकडा, मात्र तेलाच्या दोन्ही गटांचा थोडा बरा निघाला. त्या रात्री मला खरंच वाटलं की एवढी मेहनत करून हाती काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक पेनमधून (शेडमधल्या कप्प्यातून) सरासरी वजनाचे दोन-दोन पक्षी घेतले आणि गिझार्डपासून (दाणे दळणाऱ्या जठरापासून) खाली क्लोअकापर्यंतची (विष्ठेच्या वाटेपर्यंतची) पोटातली चरबी काढून तोलली. टॅलोवाल्या पक्ष्याची चरबी पांढरी, घट्ट, चिमटीत धरली की अख्खी वडी निघून यायची. जवसवाल्याची मऊ, पिवळसर, हातमोज्यावरून घसरायची, ओढली की तुटायची. खाल्लेलं फॅट कोंबडीच्या अंगात जवळजवळ तसंच उतरतं हे शंभरदा वाचलं होतं, ते असं बोटांना कळलं तेव्हा अंगावर काटा आला. आणि वजनाच्या टक्केवारीत टॅलो सगळ्यात वर, सोयाबीन मधे, जवस सगळ्यात खाली. बाहेरून सारखीच दिसणारी, सारख्याच वजनाची कोंबडी, आत वेगळी!

कारण असं की कोंबडीत नवीन फॅट मुख्यतः यकृतात तयार होतं, चरबीच्या पेशींत फारसं नाही, आणि तेलांतली लिनोलेइक, लिनोलेनिकसारखी अनसॅच्युरेटेड फॅटी ॲसिडं यकृतातलं हे उत्पादन दाबतात, शिवाय ती स्वतः जाळलीही जास्त जातात. म्हणून एनर्जी तेवढीच देऊनही पोटात कमी साठतं. पण म्हणून सगळ्यांनी जवसाचं तेल ओतावं असं मी म्हणणार नाही, मांस लवकर खवट होतं आणि प्रमाण वाढलं की माशासारखा वास येतो. मला स्वतःला सोयाबीन तेल पटलं, निदान पहिले तीन आठवडे तरी.

एक गोष्ट राहिली, यकृताचे नमुने त्याच दिवशी लगेच गोठवून ठेवा, मी ठेवले नाहीत आणि एन्झाइमची टेस्ट हुकली. आता पुढच्या बॅचला टॅलो चौथ्या आठवड्यापासूनच सुरू करणार आहे, पिल्लं सोमवारी येतायत.