चीर दिलेली तीन हृदये

वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवताना मला दरवर्षी एकच गोष्ट खटकते. पहिल्या वर्षाची मुले हृदयाची आकृती डोळे मिटून काढतात, पण प्रत्यक्ष हृदय हातात दिले की त्याची डावी बाजू कोणती, हे त्यांना सांगता येत नाही. म्हणून तालुक्याच्या गावातील एका शाळेत दहावीच्या छत्तीस मुलांसाठी बकऱ्याच्या हृदयाचे प्रात्यक्षिक घेण्याचे मी ठरवले. केवळ शिकवण्यासाठी प्राणी मारायचा नाही, हे पक्के असल्याने मटणाच्या दुकानात नऊ हृदये सांगून ठेवली. ती चिरू नका, वरच्या नळ्या लांब ठेवा, हे सांगायचे मात्र माझ्याकडून राहून गेले. सकाळी पिशवी उघडली, तर तीन हृदयांना, गिऱ्हाइकासाठी आतले गोठलेले रक्त धुऊन काढताना देतात तशी, उभी चीर दिलेली होती. मी फार खट्टू झाले.

"मॅडम, हे काळीज ना?" एका मुलाने विचारले. प्रश्न रास्त होता, कारण आपल्या काळजाचे पाणी होते ते हृदयाच्या अर्थाने, पण दुकानात काळीज मागितले तर यकृत मिळते.

आधी सुरी कोणाच्याही हाती दिली नाही. अंगठ्याने दाबून पाहा, एवढेच सांगितले. एक बाजू मऊ लागते, दुसरी टणक. टणक ती डावी, कारण तिला साऱ्या शरीरभर रक्त ढकलायचे असते. आकृतीत ही बाजू आपल्या उजव्या हाताला येते आणि पाठांतर नेमके तिथे फसते. मग शरीराकडे रक्त नेणाऱ्या महाधमनीतून बोट आत घालायला लावले. "मॅडम, बोट थेट डाव्या निलयात निघालं!" असे एक मुलगी ओरडली (निलय म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा), तेव्हा तिच्या गटातील चौघांनाही रक्ताची वाट वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

चीर दिलेली हृदये ज्या गटांना मिळाली, ते हिरमुसले होते. त्यांतील एका हृदयात चीर उजव्या निलयाच्या बाहेरच्या भिंतीवर होती. ती अलगद फाकवून पाहणारी मुलगी बराच वेळ गप्प होती; मग म्हणाली, "मॅडम, मधल्या पडद्यापासून या भिंतीपर्यंत एक पट्टी आलीय. ही पुस्तकात नाहीये."

खरोखरच नव्हती. मी हृदय मधोमध कापून दाखवते, तेव्हा ही पट्टी बहुधा सुरीखाली तुटून जाते. आकुंचनाचा विद्युत संदेश तिच्यातून त्या भिंतीवरच्या स्नायूपर्यंत लवकर पोहोचतो आणि त्या स्नायूला बांधलेले पांढरे दोरे उजव्या निलयाच्या तोंडाशी असलेल्या त्रिदली झडपेची पाळी उलटू देत नाहीत, हे मी तिला त्याच हृदयात बोट ठेवून दाखवले. माणसाच्या हृदयातही ही पट्टी असते, हे ऐकून तिने नकळत स्वतःच्या छातीवर कोपर टेकवले, कारण हातमोजे ओले होते.

घंटा झाली. इतर आठ गट तिच्या ट्रेभोवती जमले होते आणि ती पट्टीखाली चिमटा घालून प्रत्येकाला सांगत होती, "ओढू नका, नुसतं बघा."