बोट आपली, हुकूम तांडेलाचा

पैसे मोजून अख्खी बोट दिवसभरासाठी ठरवली की माणसाच्या चालण्यात थोडा नाखवेपणा, म्हणजे बोटमालकाचा तोरा, येतो. हंगामात मालवणच्या जेटीवर पहाटेच्या अंधारात असे एका दिवसाचे नाखवे दिसतात. नवी टोपी, ऑनलाइन मागवलेला रॉड, खिसेच खिसे असलेलं जाकीट. बोटीत पाय पडेपर्यंत हा रुबाब टिकतो. मग बोट चालवणारा तांडेल म्हणतो, "हय बसा," आणि नाखवा निमूट तिथे बसतो.

दर्यात गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, जायचं म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी आधी हेच सांगतो. आपली गत लग्नातल्या नवरदेवासारखी असते. सगळा खटाटोप आपल्या नावाने चाललेला, पण आपल्याला कुणी काही विचारत नाही. एकदा हे मान्य केलं की दिवस फार सुखाचा जातो. घरी-ऑफिसात दिवसभर निर्णय घेऊन दमलेल्या माणसाने तर एवढ्यासाठीच जावं, मासा मिळो न मिळो.

तारीखसुद्धा आपल्या हातात नसते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी. नारळी पौर्णिमेचा नारळ दर्यात पडला तरी पाणी निवळून हवा बसायला ऑक्टोबर उजाडतो. पुढे आपण रविवार मागतो आणि तांडेल तिथी बघतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला एवढी ओढ की गळाला बांधलेलं शिसं तळाला टिकत नाही. अष्टमीच्या मागेपुढे भांग, पाणी मवाळ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. म्हणजे अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. आता मोबाइलवर मिनिटासकट तक्ते मिळतात, पण गुडघाभर पाण्यात उभं राहून दोन्ही हात दोराला गुंतलेले असताना करता येतो तो हा पाऊणपटीचाच हिशोब.

आणि पहाटेच का, तर मतलईसाठी. रात्री जमीन निवते आणि हा वारा जमिनीकडून दर्याकडे सुटतो. सकाळी तो असेतो पाणी बहुधा शांत असतं. उन्हं चढली की उलटा, खारा वारा पडतो आणि लाटांना शेंडे फुटतात. शिडाच्या दिवसांत मतलईवर बाहेर जायचं आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचं, असा फुकटचा इंधनखर्च होता. आता इंजिन आहे, वेळापत्रक मात्र वाऱ्याचंच राहिलंय.

सिंधुदुर्गाची काळी तटबंदी मागे पडली की बोट खरी हलायला लागते. इथे मंडळींचे दोन गट पडतात. एक गट डबा उघडतो, दुसरा कठडा धरतो. बोट लागण्याचा पोटाशी तसा थेट संबंध नाही. भांडण कान आणि डोळ्यांचं असतं. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं की आपण हलतोय. डोळे पायाखालची फळी बघून सांगतात की कुठे काय, सगळं जागच्या जागी आहे. या वादात बिचारं पोट राजीनामा देतं. म्हणून मोबाइलमध्ये डोकं घालायचं नाही, दूर क्षितिजाकडे बघायचं. तांडेल यातलं शास्त्र सांगत बसत नाही, "लांब बगा, लांब" एवढंच म्हणतो. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी माशांच्या उपयोगी पडते. त्यात डिझेलचा धूर आणि आमिषासाठी कापलेल्या बांगड्याचा वास यांचं मिश्रण. उपाशीही जाऊ नये आणि मिसळ खाऊनही जाऊ नये. शिवाय लहान फायबर बोटीवर शौचालय नसतं, हे कुणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

मग एका जागी इंजिन मंदावतं. चहूकडे सारखंच पाणी, तरी तांडेल हातभर इकडे, हातभर तिकडे करत बोट नेमकी आणतो. जीपीएस असतो आणि तळ दाखवणारा पडदाही. पण जुने लोक किनाऱ्याकडे मान वळवतात: हे दोन डोंगर एकामागे एक आले, तिकडे दीपगृह त्या टेकडीच्या सोंडेवर आलं, म्हणजे खाली खडप, पाण्यातला खडक. दोन रेषा जिथे छेदतात तिथे नांगर. शाळेत भूमितीने छळलेल्यांनी हे जरूर बघावं.

पहिला मासा शिंगाळा असण्याची दाट शक्यता. तो बाहेर आल्याच्या आनंदात त्याला हाताने धरायला जाऊ नये. त्याच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या काट्यांना विष असतं आणि ठणका तासन्‌तास राहतो. दुसरा केंड, जो वर येताच चेंडूएवढा फुगतो आणि आपल्याकडे रागाने बघतो. तो खाण्याचा नाही. कधी दोरीला समुद्रसापाचं वेटोळं येतं, तेव्हा खलाशी शब्द न बोलता दोरी कापतो. मधले तास काहीच होत नाही. "पाण्याक वढ नाय," तांडेल सांगतो. पाणी वाहायला लागल्याशिवाय मासा खायला बाहेर पडत नाही, हे त्याला ठाऊक. आपण आपलं दर पाच मिनिटांनी आमिष वर घेऊन बघतो.

खोलातून ओढलेल्या गोब्रा माशाच्या तोंडातून कधी कधी फुगा बाहेर आलेला दिसतो. पाण्याचा दाब एकदम कमी झाल्याने त्याची हवेची पिशवी फुगते आणि जठर तोंडाबाहेर ढकललं जातं. गोब्र्याच्या बहुतेक जातींत मासा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो. म्हणजे थोराड गोब्रे उचलत गेलं की खडपावर नरांचाच दुष्काळ. सोडून द्यावा म्हटलं, तर असा फुगलेला मासा नुसता पाण्यावर तरंगतो. मला वाटतं, जेवणापुरते मिळाले की तिथून उठावं आणि सुरमईच्या मागे जावं.

सुरमईसाठी बोट चालती ठेवून मागे नकली मासा ओढतात. गळाच्या वर तारेचा तुकडा हवाच, तिचे दात नुसती दोरी कात्रीसारखी कापतात. ती लागली की रीळ किंचाळतं. आपला हात आपोआप घट्ट होतो आणि मागून ओरडा येतो, "सोडा तेका, जाऊ दे! वडू नकात!" पहिली धाव तिची तिला धावू द्यायची. बोटीवर आली की फोटो एकच, लगेच बर्फात. सुरमई, कुपा यांच्या जातीचा मासा उन्हात राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही.

अशा वेळी कुणीतरी हमखास अँग्रिया बँकेचा विषय काढतं. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं हे बुडालेलं प्रवाळी पठार विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आहे. आमच्या फायबर बोटीच्या तांडेलाला तिथे नेणार का विचारलं, तर त्याने डिझेलच्या कॅनकडे बघितलं आणि नंतर आमच्याकडे.

दुपारी जेटीवर उतरल्यावर पुन्हा थोडा रुबाब परततो. मासा खांद्यावर घेऊन आम्ही खानावळीत शिरलो. मावशींनी तो उचलून वजन पाहिलं, कल्ले उघडून पाहिले. कसा करायचा हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे उभ्या तांडेलाला विचारलं.

"मुंडी सारात," तो म्हणाला, "बाकी तळा."