तुम्ही विचारलंत म्हणून: मार्ग मीच का आखते

मुक्काम, सामानाची ने-आण आणि नकाशे असे सगळे आयते देणाऱ्या कंपन्या असताना जर्मनीतल्या लाउसित्सच्या सायकलफेरीची आखणी स्वतःच करण्याचा हट्ट मी का धरला, आणि त्या हट्टापायी दादाला का दुखावले, हे दोन प्रश्न नाशिकची सायकलची मंडळी मला नेहमी एकत्रच विचारतात. गंगापूर धरणाच्या रस्त्यावर, पंढरपूरच्या सायकल वारीत आणि लग्नाच्या पंगतीतही मी त्यांना तुटक उत्तरे दिली आहेत. दादाची बाजू तुम्ही त्याच्याकडून ऐकलेली आहे. माझी बाजू एकदाच सविस्तर मांडावी, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

कंपनीचा आराखडा मी मागवला नव्हता, हे खरे नाही. मागवला होता, आणि तो चांगलाही होता. त्यात झेन्फ्टेनबेर्गचे तळे होते, उत्तरेकडचे श्प्रेवाल्डचे कालवे होते, रोजचे अंतर बेताचे होते आणि बॅगा गाडीने पुढच्या मुक्कामी जाणार होत्या. नव्हती ती फक्त कोळशाची खाण, आणि मला जायचे होते ते खाणीसाठीच. बर्लिन आणि ड्रेस्डेन यांच्या मधल्या या मुलखात शंभराहून अधिक वर्षे लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा, उपसला गेला, त्यासाठी शंभराहून अधिक गावे पाडली गेली, त्यांतली कितीतरी सोर्ब या तिथल्या स्लाव अल्पसंख्य लोकांची होती, आणि खाणी संपल्यावर उरलेल्या खड्ड्यांत पाणी सोडून तळी करण्यात आली. झेन्फ्टेनबेर्गचे तळे त्यांतले जुने. १९६७ ते १९७२ या काळात नदीचे पाणी वळवून ते भरले आणि १९७३ साली तिथला पहिला किनारा पोहणाऱ्यांसाठी खुला झाला. पार्टविट्सच्या तळ्याला ज्या गावाचे नाव आहे, ते गाव खाणीने गिळले. माझे आजोळ इगतपुरी तालुक्यात, वैतरणेच्या पाण्याखाली गेलेल्या शिवारालगतचे आहे. गाव पाण्यात गेल्यावर तिथल्या माणसांशी कोण कसे बोलते आणि पाण्याकाठी फलक लावून गावाचे नाव राखते की नाही, हे मला पाहायचे होते. श्प्रेवाल्डच्या होडीतून ते दिसले नसते.

स्वतः आखणी करायची म्हणजे काय, याची कल्पना मला सुरुवातीला नव्हती. सीनलांड रूट नावाचा तळ्यांभोवतीचा आखलेला मार्ग सुमारे १९० किलोमीटरचा आहे, आणि सायकलवर बसलेल्या लाल सैतानाचे चिन्ह असलेली खाणफेरी सुमारे ५०० किलोमीटरची आहे. मी दोन्हींतले तुकडे निवडून जोडले. लिश्टरफेल्डचा एफ६० हा खाणीतली माती वाहून नेणारा यंत्र-पूल मला काही झाले तरी वगळायचा नव्हता. ५०२ मीटर लांबीचे ते यंत्र १९९१ साली चालू झाले आणि १९९२ साली खाणीसह बंद पडले. त्या पोलादावर उभे राहिले की आजूबाजूच्या माणसांचा रोजगार किती झपाट्याने गेला असेल, ते कळते. ब्रीस्केची खाणकामगारांसाठी वसवलेली मार्गा ही वसाहत मी ठेवली आणि काही नव्या तळ्यांचे काठ गाळले, कारण तिथे झाडे लहान आहेत, सावली नाही आणि समोरचा वारा अडवायला काहीच नाही. सपाट रस्ता म्हणजे सोपा रस्ता, असे आपल्याकडच्या घाटांत सायकल चालवणाऱ्यांना वाटते. तसे नसते.

त्यात व्हिसा. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या, अर्जाला दौऱ्याचा तपशील, मुक्कामाचे पुरावे आणि किमान ३०,००० युरोंचा विमा जोडावा लागतो, त्यामुळे 'वाटेल तिथे थांबू' हे नाशिकहून निघणाऱ्याच्या नशिबी नसते. एका रात्रीसाठी सायकलवाल्यांना ठेवून घेणारी आणि सायकली कुलुपात ठेवू देणारी घरे तिथल्या सायकलसंघटनेच्या बेट उंड बाइक या यादीत मिळतात. ती मी एकेक करून ठरवली. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारचा मुक्काम मोठ्या गावात ठेवला. आगगाडीत सायकलीचे वेगळे तिकीट लागते, तेही काढून ठेवले. नकाशावर डोके घालून घालवलेल्या त्या संध्याकाळी वाया गेल्या, असे मला कधी वाटले नाही. मुलूख मला तेव्हाच कळू लागला होता.

आता तो प्रसंग. दादा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला आहे, त्याचे आयुष्य मातीच्या धरणांवर गेले आहे, आणि मला सायकल शिकवली तीही त्यानेच. पार्टविट्सच्या तळ्याकडून होयर्सवेर्डाकडे जाताना दुपारभर समोरून वारा होता. ठरलेल्या अंतरात आम्ही मागे पडलो होतो आणि मुक्कामाच्या घरी किल्ली घेण्याची वेळ ठरलेली होती. एका वळणावर माझा मार्ग डावीकडे, रानाला लांबलचक वळसा घालून जात होता, आणि समोर एक आडवा दांडा होता. त्यापलीकडे सरळ, टणक, ताज्या चाकांच्या खुणा असलेला रस्ता दिसत होता. दांड्यावर फलक होता: प्रवेश बंद, जिवाला धोका. दादाने सायकल दांड्याखालून पलीकडे घातली आणि म्हणाला, "चल, पंधरा मिनिटांत पोहोचू."

मी नाही म्हटले. खाणीतून काढलेली वरची माती आणि वाळू तिथे मागे टाकून दिलेली असते, ती सैल रचलेली असते. उपसा बंद झाल्यावर भूजल पुन्हा वर चढते आणि ती वाळू ओली होते. मग कुठल्याशा छोट्या निमित्ताने कणांची रचना मोडली की वरून पक्की दिसणारी जमीन द्रवासारखी वाहू लागते. ऑक्टोबर २०१० मध्ये याच भागात, श्प्रेतालजवळ, असा भला मोठा पट्टा खचला आणि त्यात मालमोटारी आणि मेंढरे गेली. त्यानंतर हजारो हेक्टर जमीन बंद करण्यात आली. हे सगळे मी नाशिकला वाचले होते, आणि तो वळसा मुद्दाम ठेवला होता. तेच मी त्याला उभ्या उभ्या सांगितले.

दादाने सगळे ऐकून घेतले. मग तो म्हणाला की पाण्याने भरलेल्या सैल वाळूचे काय होते, ते त्याला माझ्याकडून शिकायचे नाही. ज्या रस्त्यावरून कामाची अवजड वाहने रोज जातात, तो दोन सायकलींनी खचणार नाही आणि फलक हे खात्याने आपली जबाबदारी झटकण्यासाठी लावलेले असतात, कारण असे फलक त्याने स्वतः लावून घेतले आहेत. शेवटी तो म्हणाला, "तुझा विश्वास कागदावर आहे, जमिनीवर नाही." मी म्हटले, "दादा, ही जमीन तुझी नाही." ते वाक्य त्याला लागले. तो दांड्याखालून परत आला, काही न बोलता पुढे निघाला, आणि आम्ही अंधारात, मालमोटारींच्या रस्त्याच्या कडेने होयर्सवेर्डा गाठले. त्या रस्त्यावर एक गाडी त्याच्या अगदी हाताला घासून गेली. पुढे फेरी संपेपर्यंत तो माझ्या पुढेच चालवत राहिला आणि त्यानंतर माझ्याबरोबर लांबच्या फेरीला आलेला नाही.

तुम्ही म्हणता, आयती टूर घेतली असती तर भाऊबहिणीत हे झालेच नसते. झाले नसते, हे मान्य आहे, कारण तिथे कोणाचेच म्हणणे कोणाला ऐकावे लागले नसते. पण तो फलक तिथेच असता, दांडाही असता, आणि वळसा का घ्यायचा हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नसते. हातात नुसता बाण काढलेला नकाशा असता आणि थकलेला दादा समोर असता, तर मी त्याच्या मागोमाग गेले असते, याबद्दल मला शंका नाही. धरणांच्या माहितीत तो माझ्यापेक्षा कितीतरी पुढे आहे, आणि आमच्या घरात त्याचा शब्द मोडायची पद्धत नाही.

आता हेही सांगते. त्या वळणावर मला भीती वाटत होती, पण नुसती भीतीच नव्हती. घरातली पहिली गोष्ट मी संपूर्ण माझ्या हाताने उभी केली होती, आणि ती पंधरा मिनिटांच्या आडवाटेसाठी कोणी बाजूला सारावी, हे मला सहन झाले नाही. जमीन खचेल याचीच काळजी होती, की माझी आखणी मोडेल याचीही, हे मी अजून स्वतःला नीट विचारू शकलेले नाही. निघण्यापूर्वीची मी सर्वांना सांगत असे की आखणी पक्की असली की वाटेत वाद होत नाहीत. त्या तेव्हाच्या 'मी'शी माझे आज पटत नाही. मनातल्या मनात मी तिला विचारते की अंधारातला मालमोटारींचा रस्ता बंद रानापेक्षा सुरक्षित आहे, हे तू कशावरून ठरवलेस. ती उत्तर देते की रानाबद्दल तू वाचले होतेस आणि रस्त्याबद्दल नाही. दादाचेही म्हणणे नेमके हेच आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरीही उद्या त्याच वळणावर उभी राहिले, तर मी डावीकडेच वळेन.

कॉटबुसजवळचे नवे तळे मला अजून पाहायचे आहे. २०१९ मध्ये तिथे पाणी सोडायला सुरुवात झाली आणि ते सुमारे १९ चौरस किलोमीटरचे आहे. त्याचा मार्ग मी आखते आहे आणि दादाला पाठवणारही आहे. तो येईल असे मी कुणाला सांगितलेले नाही, तेव्हा कृपा करून त्याला त्याबद्दल विचारू नका. तुमच्यापैकी ज्यांना लाउसित्सची फेरी करायची असेल, त्यांना मी माझे मुक्काम आणि मार्ग जरूर देईन. फक्त जुन्या खाणींची देखभाल करणारी तिथली सरकारी कंपनी बंद भागांचा नकाशा प्रसिद्ध करते, तो निघण्यापूर्वी स्वतः उघडून पाहा, कारण बंद भाग बदलत राहतात आणि माझा नकाशा मागच्या वेळचा आहे.