बाईंचा वाचनाचा तास

आमच्या वेळी शाळेत वाचनाचा तास असे. मराठीच्या बाई महादेवशास्त्री जोशींच्या कथा वाचून दाखवत. शास्त्रीबुवा आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याचे, त्यामुळे वर्गाला ते आपल्यातलेच वाटत. एकदा कथा संपली, बाईंनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "ह्यांच्या बायकोला म्हापशात पकडलं होतं, ठाऊक आहे कुणाला?" कुणालाच नव्हतं. आणि म्हापसा म्हणजे आमच्या बसचा शेवटचा थांबा!

मग तो तास सुधाताई जोशींचा झाला. एप्रिल १९५५ मध्ये म्हापशात गोवा नॅशनल काँग्रेसचं अधिवेशन ठरलं, अध्यक्ष सुधाताई. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे, आणि त्यांचा हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत लग्नाची पत्रिका छापायची तरी सेन्सॉरची परवानगी लागे. तिथे उघड सभा घ्यायची म्हणजे तुरुंग ठरलेलाच. त्या तरी आल्या, पकडल्या गेल्या, त्यांना लांबलचक शिक्षा झाली. बायको तुरुंगात आणि लेखक नवरा बाहेर, हे ऐकून मुलींच्या बाकांवर खसखस पिकली. आमच्या घरी बाजारालासुद्धा बायका विचारून जात.

बाई इतिहासाच्या नव्हत्या, म्हणून सनावळीत अडकत नसत. १९४६ च्या जूनमध्ये मडगावात राममनोहर लोहियांना अटक झाल्यावर घोषणा देत पुढे झालेली वत्सला कीर्तनी मध्येच यायची, शिक्षकी सोडून चळवळीत उतरलेले कवी बाकीबाब बोरकर यायचे. माझ्या मनात मात्र घर केलं लिबिया लोबोंनी. १९५५ च्या अखेरीपासून गोवामुक्तीपर्यंत त्या आणि वामन सरदेसाई सरहद्दीपलीकडच्या जंगलातून, आधी आंबोली नि मग कॅसलरॉकहून, गुप्त रेडिओ चालवत होते. कोकणीतून, पोर्तुगीजमधून बातम्या द्यायच्या, सरकारी प्रचार खोडून काढायचा. रोज नवा मजकूर लिहायचा आणि तो हवेत सोडून द्यायचा. पुस्तक नाही, मानधन नाही. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज शरण आल्याची बातमीही लिबियाबाईंनी विमानातून, ध्वनिक्षेपकावरून गोंयकारांना सांगितली. माझ्या लेखी त्या लेखिकाच. वाङ्मयाच्या इतिहासवाल्यांनी काय ते ठरवावं.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नव्या सभागृहात गोव्यातल्या साहित्यिकांच्या तसबिरी लागणार आहेत असं कळलं. बाकीबाब आणि शास्त्रीबुवा यादीत असतीलच. त्यांच्या रांगेत सुधाताई आणि लिबियाबाईही लावा. फ्रेमचा खर्च आमची बॅच करील.