फक्त 2 शिल्लक

दुपारी जेवून जरा आडवा होतोय तोच गल्लीत भंगारवाल्याची हाळी आली. माळ्यावरची खोकी खाली काढली आणि नेहमीप्रमाणे लेबल खरवडत बसलो. नावपत्त्याचं लेबल काढल्याशिवाय खोकं घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, ही माझी खोड. बायको म्हणते, "पत्ता मतदारयादीत पण हाय की." असेल. पण नाव, मोबाइल, घर नंबर सगळं चिकटवून खोकं रस्त्यावर टाकायचं म्हणजे मला उघड्या खिडकीत आंघोळ केल्यासारखं वाटतं. आधी नुसतं पेनाने गिरगटायचो. उजेडात तिरकं धरलं की आकडे वाचता येतात हे कळल्यापासून पाण्याचा हात लावतो आणि नखाने काढतो.

आजच्या लेबलावर माझ्या आडनावाचा एक काना गायब, आणि गावाचं नाव 'बेळगाम'. 2014 च्या 1 नोव्हेंबरला सरकारी कागदावर बेळगावी झालं, पण फॉर्मातल्या यादीत कधी बेळगावी असतं, कधी बेळगाम. आपण ज्याला आयुष्यभर बेळगाव म्हणत आलो ते कुठल्याच यादीत नसतं.

वडील पत्र लिहायचे तेव्हा पाठवणाऱ्याच्या जागी 'मु. पो. शहापूर, जि. बेळगाव' एवढंच असायचं. पुढे राज्य नाही. कधीच नाही. आमच्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 1972 साली पिनकोड आला आणि त्यांची पंचाईत झाली. कोल्हापूरच्या आत्याचा आकडा 4 ने सुरू होणारा, आमचा 5 ने. राज्य गाळलं तरी तो पहिला आकडा बोलणारच. मग वडील पिनकोड लिहायचे, पण बाकी पत्त्याच्या निम्म्या अक्षरात. आता मी मोबाइलवर सहा आकडे घालतो आणि राज्याचा रकाना आपला आपणच भरतो. मला विचारतसुद्धा नाही. वडिलांनी हे बघायला हवं होतं.

पत्ता कितीही नीट भरा, पोरगा फोन करतोच. "सर, मनी एल्लैत्री?" घर कुठं आहे, असं कानडीत. मी म्हणतो, "तिसरं रेल्वे गेट माहीत हाय न्हवं? मुंद बर्री." म्हणजे पुढं या. तो गाडी घेऊन येतो, घामाघूम, आणि म्हणतो, "ओटीपी हेळ्री." सगळं जग ओरडून सांगतंय की ओटीपी कुणाला सांगू नका, आणि हा दारात उभा राहून तोच मागतोय. तेव्हा चष्मा लावून मेसेज अख्खा वाचावा लागतो: आकडा पार्सल ताब्यात घेण्याचा आहे, की खात्यातून पैसे जाण्याचा? पोरगा कंटाळतो बिचारा. मी पाणी देतो.

तर हे खोकं साडीचं.

साडी आईसाठी मागवली होती. इरकली, टोपी पदराची, 649 रुपये. वडगाव-खासबागात अजून माग खडखडतात, आणि मी बसल्या जागी अंगठ्याने साडी घेतो, याची लाज आता वाटते. तेव्हा नाही वाटली. चित्रात पदर असा लालभडक होता की बस्स. खाली लिहिलं होतं, 'फक्त 2 शिल्लक', आणि शेजारी घड्याळ उलटं पळत होतं. चौदा मिनिटं, तेरा मिनिटं. मी घेतली. (काल सहज ते पान उघडून बघितलं. अजून 2 च शिल्लक आहेत.)

साडी घ्यायची म्हणजे काय असतं हे मला कुणी शिकवायला नको होतं. लहानपणी दिवाळीआधी आई मला गणपत गल्लीतल्या एका दुकानात न्यायची. चपला बाहेर, आत पांढरी गादी, कोपऱ्यात तक्क्याला टेकलेले शेट. गुमास्ता एकेक साडी हवेत उडवायचा आणि ती लाटेसारखी आईच्या गुडघ्यापर्यंत यायची. आई उजवी बाजू बघायचीच नाही. आधी उलटायची. मग तर्जनी जिभेला लावून काठावर घासायची आणि बोट उजेडात धरायची. मग साडीचं अंग आणि पदर जिथं जोडलेला असतो तिथं चिमटीत धरून हलकेच ताणायची. इरकलीचा पदर रेशमाचा, अंग सुताचं, आणि दोन्हींचे धागे एकमेकांत कड्यांसारखे अडकवलेले. त्या सांध्यावर तिची चिमूट जेवढा वेळ थांबायची तेवढ्या वेळात माझी एक डुलकी व्हायची. पंधरा-वीस साड्यांचा ढीग होई, आणि आई म्हणे, "हुंदे शेट, परत येतो." गुमास्त्याचं तोंड पडायचं. शेटचं कधी नाही. "बसा की वैनी, घाई काय हाय? अगं, पोराला पाणी दे जरा," असं आतल्या बाजूला बघून ओरडायचे. आम्ही पायरी उतरता उतरता ते एक आकडा सांगत आणि आई उतरलेल्या पायऱ्या पुन्हा चढे. कधी चढतही नसे.

पार्सल उघडल्यावर बायकोने साडी उलटी केली. पदर मागून पांढराफटक. लाल रंग नुसता वरून छापलेला. सांधा नावाची भानगडच नव्हती, सगळं एकाच कापडाचं. हात लावला की चटचट आवाज.

पान पुन्हा उघडून खालपर्यंत गेलो. विकणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही. ऑनलाइन विक्रीच्या 2020 च्या नियमांप्रमाणे हे सगळं द्यावं लागतं, तक्रार अधिकाऱ्याचं नावसुद्धा, आणि तक्रारीची पोच 48 तासांत. ती खोटी घड्याळंही 2023 पासून नियमात बसत नाहीत. हे मी नंतर वाचलं. माणूस नियम नंतरच वाचतो. त्या दिवशी मी काय केलं, तर नेटवर त्या पानाच्या नावापुढे 'कस्टमर केअर' टाकून जो नंबर पहिला दिसला तो फिरवला.

पलीकडचा माणूस फार गोड. हिंदीत बोलत होता. "पैसे आत्ता परत करतो काका, मोबाइलवर एक रिक्वेस्ट आली असेल, त्यात फक्त तुमचा पिन घाला." पैसे यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. हे मला माहीत होतं. पुण्याहून मुलगा दर रविवारी हेच ऐकवतो. तरी मी पिन घालणार होतो, खोटं कशाला बोलू. पण चष्मा सापडेना. टेबलावर नाही, टीव्हीवर नाही. "काका, जल्दी कीजिए." देव्हाऱ्याजवळ बघितलं. "काका, लिंक बंद होईल." फ्रीजवर बघितलं. आता त्याचा आवाज चढला, 'काका' गळलं, आणि मला उगीचच गादीवरचे शेट आठवले. त्यांनी आईला आयुष्यात कधी 'आटपा' म्हटलं नव्हतं. मी फोन ठेवला. चष्मा कपाळावर होता.

मुलाला सांगितलं तर तो माझ्यावरच खेकसला. पैसे गेले असते तर लगेच 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावायचा असतो, जितका उशीर तितके ते लांब जातात, नंबर शोधायचा तो फक्त कंपनीच्या स्वतःच्या ॲपात, आणि अनोळखी पानावर असलंच तर पैसे माल बघून द्यायचे. मी हो हो म्हटलं. 649 रुपयांवर भागलं, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं.

या गडबडीत साडी कॉटवरच राहिली होती. परत आत गेलो तर आईने ती मांडीवर घेतलेली. आई आता चौऱ्याऐंशीची. मला तोंडच वर करवेना. आता उलटणार, जिभेला बोट लावणार, आणि मग विचारणार, कितीला घेतलीस गा.

तिने वरूनच एकदा हात फिरवला. "चांगली हाय," म्हणाली, आणि घडी घालून उशीखाली ठेवली. उलटी करून बघितली नाही.