रंगवलेला माठ थंडच होईना

मागच्या एप्रिलात आठवडी बाजारातून माठ आणला, बाहेरून लाल ऑइल पेंट अन् वर पांढरी नक्षी, दिसायला एकदम भारी. आठ दिवस झाले तरी पाणी थंड होईना. इकडे आमच्या वर्धा जिल्ह्यात पारा 44 वर अन् माठातलं पाणी कोमट. शेवटी आईनं माठावरून हात फिरवला, म्हणे, "हा तं कोरडाच हाय रे बाप्पा, पाझरतच नाही, मंग थंड कसा होईन?"

एका वाक्यात सगळं आलं त्यात.

पाण्याची वाफ व्हायला ते उकळावंच लागते असं नाही. पाण्याचे रेणू सारखे हलत असतात पण सगळ्यांचा वेग सारखा नसतो, त्यातले जे पृष्ठभागाजवळ आहेत अन् जोरात आहेत ते बाकीच्यांची ओढ तोडून हवेत निघून जातात. म्हणजे जास्त ऊर्जावाले गेले, उरले ते हळू, अन् तापमान म्हणजे या हालचालीच्या ऊर्जेचंच माप, म्हणून उरलेलं पाणी गार पडते. आणि ही उष्णता किती जाते बघा, 1 ग्रॅम पाणी 1 अंशाने तापवायला 1 कॅलरी लागते पण तेवढ्याच पाण्याची वाफ व्हायला उन्हाळ्यातल्या तापमानाला साधारण 580. या हिशोबाने 10 लिटर पाणी 10 अंशांनी उतरवायला जेमतेम एक पेलाभर पाणी उडालं तरी पुरे! प्रत्यक्षात जास्त लागते कारण बाहेरची गरमी माठात येतच राहते.

आता साध्या मातीच्या माठाला बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी बाहेरच्या अंगाला येते अन् तिथून उडते. आमच्या माठाची ती छिद्रं पेंटनं बुजवली होती. आईनं त्याला ओलं पोतं गुंडाळून पडवीत हवेला ठेवला, संध्याकाळी पाणी गार. पाणी पोत्यातून उडालं, उष्णता माठाची ओढली.

कूलरचं पण हेच. मे महिन्यात आपली हवा एवढी कोरडी की ओल्या ताट्यांमधून गेली की गार होऊनच येते, फक्त खिडकी उघडी पाहिजे, नाहीतर खोलीत दमट हवा कोंडते. जुलैत तोच कूलर, तेच पाणी, पण अंग चिकचिक. हवेत आधीच वाफ भरपूर, मग जेवढे रेणू पाण्यातून निघतात जवळपास तेवढेच परत येतात. घाम पण त्याचमुळे वाळत नाही, पाऊस उघडल्यावर निंदणाला गेलेल्या बायांना विचारा किती जीव घाबरते.

आमचं पाणी बोअरचं, उडते ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. त्या पोत्यावर पंधरा दिवसांत पांढरी खर धरली, कडक झालं पार, म्हणून आई आता दर रविवारी ते काढून खळखळून धुते अन् परत गुंडाळते.