चकचकीत नळी

जुनी विलायती बंदूक आतून आरशासारखी दिसली की माझ्या मनात पहिली शंका तिथेच येते. गोव्यात चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने खारा वारा. साठ-सत्तर वर्षं इथल्या घरात राहिलेल्या नळीत गंजाचे बारीक खड्डे असायलाच हवेत. नसतील तर कोणीतरी ते घासून काढलेत, आणि खड्ड्यांबरोबर लोखंडही गेलंय.

गेल्या श्रावणात सत्तरी तालुक्यातला एक काजू बागायतदार सकाळी सातला फोंड्याला माझ्या दारात उभा राहिला. "काका, मडगावच्या दुकानात एक इंग्लिश दुनळी आलीय. शेट म्हणतात दुपारपर्यंत ठेवतो. तुम्ही बघितल्याशिवाय मी पैसे देणार नाही." मी लष्करात, ईएमई या यंत्रदुरुस्तीच्या शाखेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो. निवृत्तीनंतर जुन्या बंदुका घेणारे असं बोलावतात, मी मापाची पेटी घेऊन जातो. वाटेत बोरी पुलावर तो सांगत होता, गेली दोन वर्षं अशीच एक शोधतोय. सगळेच शोधतात. ऐंशीच्या दशकापासून खाजगी माणसाला परदेशी बंदूक आणणं जवळपास बंद झालंय, त्यामुळे देशात आहेत त्याच हातोहात फिरतात. त्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. त्याच्याकडे पिकाच्या राखणीची एक होतीच. म्हणजे ही दुसरी आणि शेवटची.

दुकानदार सरळ माणूस. बंदूक एका कुटुंबाने आजोबा गेल्यावर त्याच्याकडे जमा केलेली, कागद चोख. नळी, ॲक्शन (नळी जिच्यावर बसते तो मधला लोखंडी भाग) आणि पुढचा लाकडी भाग, तिन्हींवर नंबर एकच. दस्ता अक्रोडाचा, रेषा अशा की मधाची धार सांडावी. बाजूच्या पत्र्यावर बारीक वेलबुट्टी. बागायतदाराचा हात दस्त्यावरून मागे येईना. मला त्याचं काही वाटलं नाही, मीही तसाच अडकतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली, पण ज्या हातांनी ही बंदूक घडवली त्यांचं काम बघताना माझा ऊर अजूनही भरून येतो.

नळ्या सुट्या केल्या. मागच्या आकड्यात बोट घालून उभ्या लोंबत्या धरल्या आणि नखाने टिचकी मारली. चांगल्या जोडीचा नाद देवळातल्या लहान घंटेसारखा लांबतो. दोन नळ्यांमधल्या पट्टीची झाळण कुठे सुटली असेल तर आवाज बसका येतो. ही वाजली, लांब वाजली. बागायतदार हसला. मग नळ्या ॲक्शनवर चढवून पुढचं लाकूड न लावता हलवून पाहिल्या: खळखळ नाही. सांध्यात सिगारेटचा पातळ कागद धरून बंद केली, कागद पकडला गेला. चापही दोन्ही न अडखळता सुटत होते. (चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, रिकामी असताना घोडा कधीही पाडू नये, जुन्या फायरिंग पिना त्याने तुटतात. माझ्या पेटीत त्यासाठी खोटी काडतुसं असतात.)

मग नळ्या दाराच्या उजेडाकडे धरल्या. आत एकही डाग नाही. कड्यांमागून कडी, गोल गोल प्रकाश, नुसता आरसा.

"काय सुंदर आहे ना?" शेट म्हणाले.

मी काही बोललो नाही. नळ्या उलट्या करून मागच्या सपाट भागावरचे शिक्के भिंगाखाली घेतले. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासून हेच काम करतंय. नळीतून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दाबाचा बार काढायचा, टिकली तर शिक्का. इथे नायट्रो प्रूफचा, म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी तपासल्याचा, शिक्का होता, चेंबर अडीच इंच, आणि तेराखाली एक असा अपूर्णांकासारखा आकडा. अनेकांना वाटतं ही तेरा बोअरची बंदूक. तसं नाही. ती बारा बोअरचीच, पण शिक्का मारला त्या दिवशी नळीचा आतला व्यास ०.७१९ इंच होता, हे तो आकडा सांगतो. पुढची पायरी बारा, म्हणजे ०.७२९. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दहा थाऊंचा, म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागाचा फरक. नळी त्या पुढच्या पायरीला पोचली की बंदूक प्रूफबाहेर गेली, मग त्या जुन्या शिक्क्याला अर्थ उरत नाही.

डायलचा गेज उजव्या नळीत नऊ इंच आत घातला. ०.७२७. वाढलीय, पण आत आहे. डावीत घातला. काटा फिरला आणि ०.७३४ वर थांबला. मी काढला, पुसला, पुन्हा घातला. तेच. मग भिंतीची जाडी मोजणारा गेज लावून नळी फिरवत नेली. एका जागी सोळा थाऊ. वीसच्या खाली गेलं की जाणता कारागीर ती नळी हातात घ्यायला कचरतो. हे पोस्टकार्डाच्या दीडपट जाडीचं लोखंड, आणि त्याच्या शेजारी डावा तळहात धरून माणूस बार काढणार.

शेटना मी गेज त्यांच्याच हातात दिला. ते बराच वेळ काट्याकडे बघत राहिले. म्हणाले, "माझ्याकडे आली तेव्हा अशीच होती हो." माझा विश्वास बसला. कधीतरी, कुठल्यातरी मालकाने खड्डे बघून ती घासायला दिली असणार. त्यांनी वही काढून मला मापं लिहायला सांगितली आणि तीच चिठ्ठी दोऱ्याने चापाच्या कडीला बांधली. तेवढ्यावर थांबले नाहीत. ज्यांनी ठेवायला दिली त्या घरी तिथल्या तिथे फोन लावला.

बागायतदार मात्र ऐकेना. "काका, मी वर्षातून चार बार काढीन. बाकी भिंतीवरच." मी खडकीच्या कारखान्याचं सत्तर मिलिमीटरचं काडतूस चेंबरमध्ये सोडलं. अलगद बसलं. "बघ, बसतंय ना? म्हणूनच घात होतो. सत्तर ही उडाल्यानंतरची लांबी. अडीच इंच म्हणजे पासष्टचा चेंबर. बार उडताना काडतुसाचं तोंड उघडतं, पुढच्या अरुंद भागात शिरतं, आणि दाब चढतो. तो कुठल्या भिंतीवर चढणार?" त्याने दस्त्यावरून हात काढला.

परतीच्या वाटेवर गाडीत तो गप्प होता. मला वाटलं बंदूक गेली म्हणून. फोंड्याजवळ आल्यावर म्हणाला, "काका, घरची बंदूक मी गेल्या मे महिन्यात एकाकडून आतून साफ करून आणली. अशीच चकचकीत आहे."

मी घरी उतरलो नाही, तसेच वाळपईला त्याच्या घरी गेलो. पावसाची सर चालू होती. त्याच्या आईने पडवीत चहा ठेवला, त्याने कपाटातून एकनळी काढून आणली. बेल्जियममधल्या लीएजच्या प्रूफ हाउसचा अंडाकृती शिक्का, वर मुकुट, बाजूला १८.४ हा मिलिमीटरमधला व्यास. पोर्तुगीज अमदानीत आजोबांनी घेतलेली. रानडुकरं सुपारीच्या रोपांत शिरली की तो हिचा हवेत बार काढतो. गेज १८.६ च्या जरा आत थांबला. भिंत सगळीकडून मोजली, कुठेही तीस थाऊंच्या खाली नाही. मी श्वास सोडला.

मग चेंबर मोजला. पासष्ट.

काडतुसांचा डबा समोरच होता. सगळी सत्तरची. त्यातली किती उडवलीस विचारलं, तर म्हणाला दोन डबे संपले, हा तिसरा. नळीच्या मागच्या भागावर मी भिंग धरून, कापडाने पुसत, उजेड बदलत अर्धा तास चीर शोधली. नाही सापडली. डबा माझ्या पेटीशेजारी ठेवला आणि पडवीतूनच मडगावला फोन केला, शेट, पासष्टची काडतुसं मिळतील का म्हणून.